पेन्शन आली आणि चूल वेगळी झाली

तुळशीदासची पेन्शन आली त्या दिवशी महाळुंगे पडवळमध्ये ज्याला पेढा मिळाला नाही, तो माणूस एक तर परगावी गेला असेल, नाहीतर त्याला मधुमेह असेल. आणि खरं सांगायचं तर मधुमेहवाल्यांनाही तुळशीदासने सोडलं नव्हतं. "अर्धा खा, पण तोंड गोड करा," म्हणत त्यांच्या तोंडात अर्धा अर्धा कोंबलाच होता. मंचरच्या दुकानातून निघालेले पेढे एसटीतच निम्मे झाले होते. कंडक्टरला दोन मिळाले, कारण त्याने विचारलं, "कशाबद्दल?" असं विचारणाऱ्याला दुसरा पेढा आणि पूर्ण हकिकत, दोन्ही फुकट.

हकिकत अशी, की मंचरच्या पलीकडे एक पुठ्ठ्याचा कारखाना होता आणि तुळशीदास तिथे टाइमकीपर होता. दाराशी बसायचं आणि कोण किती वाजता आत आलं ते लिहायचं. मग कारखाना बंद पडला, मालक कागदपत्रांसकट गडप झाला, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावल्या त्याची स्वतःची हजेरी दाखवायला जगात एक चिटोरा उरला नाही. पेन्शनसाठी तुळशीदास सात वर्षं पुण्याला खेटे घालत राहिला. शेवटी एका साहेबाला दया आली की कंटाळा आला, देव जाणे, पण सगळी थकलेली पेन्शन एकदम खात्यावर जमा झाली. बावन्न हजार. यापुढे महिन्याला येणार होते ते जेमतेम सहाशे, पण सहाशेला कोण विचारतं? गावात बोलबाला झाला तो बावन्नचा.

"सात वर्ष लढलो, राव!" तुळशीदास तलाठ्याच्या हातात पेढा ठेवत म्हणाला.

"व्वा!" तलाठी म्हणाले. "किती मिळाले?"

तुळशीदासने सांगितले. मोठ्याने.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्याकडे तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात आणि ग्रामसेवकालाही भाऊसाहेब म्हणतात, आणि तुळशीदासने दोन्ही भाऊसाहेबांना तितक्याच उत्साहाने आकडा सांगून ठेवला. त्यात पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. शेजारचा गोरख उठला. गोरखला कुणाचंही भलं झालं की ठराव मांडायची फार हौस. मागे त्याने शेजारणीची म्हैस व्यायली तेव्हाही अभिनंदनाचा ठराव मांडायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, "आपल्या तुळशीदासभाऊंनी सरकारशी झुंज देऊन पेन्शन मिळवली, त्याबद्दल ही सभा त्यांचं हार्दिक अभिनंदन करते." टाळ्या पडल्या. ग्रामसेवक लिहू लागले: थकीत पेन्शनची रक्कम मिळाल्याबद्दल...

तुळशीदासने मान पुढे काढून वाचलं आणि नम्रपणे म्हणाला, "भाऊसाहेब, आकडा टाका ना. आकड्याबिगर अभिनंदन मोघम वाटतं."

ग्रामसेवकांनी आकडा टाकला. अक्षरी आणि अंकी.

आता पैसे आल्यावर माणूस काय करतो? रेडिओ घेतो, बायकोला साडी घेतो, छपरावर पत्रे टाकतो. तुळशीदासने पत्रे टाकलेच, कारण पावसाळ्यात घरात बादल्या मांडायला जागा पुरत नव्हती. पण त्याच्याही आधी त्याने गॅस घेतला. आणि तो घेतला आक्कासाठी.

आक्का म्हणजे द्रौपदा, त्याची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत कुंकू पुसून माहेरी आली ती परत कुठे गेली नाही. आईबाप लवकर गेले, तेव्हा लोकांच्या कांद्यात खुरपून तिने या भावाला सातवीपर्यंत शिकवला. तुळशीदासचं लग्नही तिनेच जमवलं. रत्नाला बघायला गेली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता, "भाकरी करताना हसतीस का रडतीस?" रत्ना म्हणाली, "धूर कुठल्या अंगाला जातो त्याच्यावर हाये." आक्काने तिथल्या तिथे होकार दिला. तेव्हापासून घरात माणसं तीन, चूल एक आणि पिवळं रेशनकार्ड एक. त्या कार्डावर तुळशीदासच्या नावाखाली आक्काचं नाव होतं, आणि चारचौघांत तुळशीदास छातीवर हात ठेवून सांगायचा, "माझ्या बहिणीला मी आजवर कशाला कमी पडू दिलं न्हाई." तो काही फार मोठा माणूस नव्हता, पण या एका वाक्यापुरता होता.

त्या वर्षी आक्काला दम लागू लागला. विहिरीवरून घरी येईपर्यंत ती दोनदा टेकायची. मंचरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पुण्याला दाखवा. आणि यांना धुरात बसू देऊ नका." पुण्याचं पुढे बघू, धुराचं आज बघू, म्हणून गॅस आला. लाल टाकी, दोन बर्नर. रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला तेव्हा तुळशीदासला तो शिक्कासुद्धा पदकासारखा वाटला.

आक्का पहिल्या दिवशी लांबूनच काडी धरून उभी. "मला न्हाई बाई त्या टाकीचा इस्वास. उडाली म्हंजी?"

"उडाली तर आपण तिघं बरोबर उडू, आक्का," रत्ना म्हणाली. "पैलं तुमी पेटवा."

पेटवला. निळी फुलं उमलली तशी आक्का खुदकन हसली, आणि मग ती रोज सकाळचा चहा स्वतःच करायला लागली. "धूर न्हाई, राख न्हाई, ह्याला काय सैपाक म्हनायचा? नुसती गंमत!"

ही गंमत दिवाळीपर्यंत चालली.

दिवाळीनंतर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आक्काच्या छातीचा फोटो झाला, आणखी कसला कसला फोटो झाला, आणि डॉक्टर म्हणाले की हृदयाची एक झडप आवळून गेलीय, ऑपरेशन करावं लागेल, उन्हाळ्याच्या आत केलेलं बरं. खर्च ऐकल्यावर तुळशीदासला खुर्ची लागली. पत्रे आणि गॅस होऊन उरलेल्या पेन्शनमध्ये त्या ऑपरेशनचा एक पाव भागसुद्धा बसत नव्हता.

"पिवळं कार्ड आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "असेल तर सरकारी योजनेतून पूर्ण फुकट होईल."

तुळशीदास खुर्चीतून ताठ उठला. "हाये की! येक नंबर पिवळं हाये!" जणू काही पिवळ्यातही प्रतवारी असते.

योजनेच्या खिडकीवरच्या बाईंनी कार्ड उलटंपालटं केलं, गॅसच्या शिक्क्यावर बोट ठेवून एक भुवई वर केली आणि म्हणाल्या, "चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणा. घराचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत पाहिजे."

"आतच हाये बाई. लई आत हाये."

आता पुढचा प्रवेश चावडीत. तलाठी समोर, तुळशीदास अर्ज घेऊन उभा. तलाठ्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्या वेळात सज्जन माणसाला कळायला पाहिजे की काहीतरी बिनसलंय. पण तुळशीदास पेढ्याच्या भरवशावर निर्धास्त होता.

"तुळशीदासभाऊ, कसा देऊ मी दाखला? तुम्हाला बावन्न हजार आले ना यंदा?"

"ते व्हय? ते काय यंदाचे न्हाईत, भाऊसाहेब. ते सात वर्षांचे हायेत. सातांनी भागा. मग बघा, आम्ही गरिबाचे गरीब."

"मला भागाकार येतो हो. पण नियमात भागाकार नाही. ज्या वर्षी हातात आले, त्या वर्षाचं उत्पन्न. तुमचं कार्ड पिवळं राहत नाही, केशरी होतं."

"म्हंजी सात वर्ष उपाशी व्हतो तवा कुणी मोजलं न्हाई, आन् एक दिवस जेवलो तर सात वर्षांचं जेवण एका दिवसाच्या नावावर लावता?"

तलाठी काही वाईट माणूस नव्हते. ते हळूच म्हणाले, "मी डोळेझाक केली असती. पण तुमच्या अभिनंदनाचा ठराव आहे. त्याच्यात आकडा आहे. अक्षरीसुद्धा आहे."

"आणि पुढल्या साली?"

"पुढच्या वर्षी मी मागच्या वर्षाचं उत्पन्नही बघणार. म्हणजे हे आलंच."

तुळशीदास घरी आला तो दारातल्या चपलांवरच बसला. सात वर्षं त्याने आपल्याला पैसे मिळायला पाहिजेत हे सिद्ध करण्यात घालवली होती. आता आपल्याकडे पैसे नाहीत हे सिद्ध करायचं होतं, आणि त्याच्याजवळ उन्हाळ्यापर्यंतचाच वेळ होता.

बातमी वाऱ्यापेक्षा जलद जाते आणि सल्ले बातमीपेक्षा जलद येतात. गोरख आला. अपराधी चेहरा करून बसला आणि म्हणाला, "अभिनंदन मागं घ्यायचा ठराव मांडू का?" त्याला रत्नाने ज्या नजरेने बघितलं त्यानंतर तो पुढचा अर्धा तास फक्त चहा प्यायला. कुणी म्हणालं आमदाराला भेटा, कुणी म्हणालं पैसे जळाले असं सांगा. खरा सल्ला दिला तो रेशन दुकानाच्या सावळेरामने. त्याच्या दुकानावरून रोज शंभर संसारांची कार्डं जायची, त्यामुळे कुठलं घर कुठे चिरलं की धान्य गळत नाही हे त्याला पाठ होतं.

"कार्ड फोडा," सावळेराम म्हणाला. "पेन्शन कुनाला आली? तुमाला. आक्काला न्हाई. आक्काचं कार्ड येगळं काढा. तिच्या नावावर ना जमीन, ना पगार. पिवळं कार्ड पळत यील."

"असं हुतं?"

"हुतं की. पण कागदावर येगळं म्हनून चालत न्हाई. तलाठी बघायला येतो. चूल येगळी पायजे."

चूल वेगळी होणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ भांडतात, बांधावरून कुऱ्हाडी निघतात, कोर्ट होतं, पण जोवर चूल एक आहे तोवर घर एक. चूल वेगळी झाली की सोयरेधायरे आमंत्रणं दोन पाठवतात, आणि आलेला पाहुणा दारात थबकून विचारतो, आधी कुणाकडं?

"माझ्या आक्काची चूल येगळी?" तुळशीदास म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"लोकं हितंच बसल्यात," आक्का भिंतीला टेकून म्हणाली. "आनि तीच सांगत्यात येगळी करा म्हनून." आणि तिने हसायला सुरुवात केली, पण मध्येच दम लागला, मग बाकीच्यांनी तिच्या वाटचं हसून घेतलं.

पडवीत चूल घालायला धोंडाबाई आली. धोंडाबाईच्या हातच्या चुली अख्ख्या आळीत. तिने माती मळली, उंचवटे केले, सारवून सुबक केली, आणि इथेच घोटाळा झाला. चूल इतकी देखणी झाली की कालच घातलीय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"जुनी दिसाय पायजे," सावळेरामने शेरा मारला.

मग चुलीला म्हातारी करायचा कार्यक्रम सुरू झाला. गोरखने आपल्या घरची घमेलंभर राख आणून ओतली. धोंडाबाईने चिमणीच्या काजळीने भिंत काळी केली, तिला इतका जोर चढला की भिंतीबरोबर गोरखची बंडीही काळी झाली. कुणी चेपका टोप दिला, कुणी कान तुटलेली कढई दिली, कुणी तळ गेलेला तवा दिला. आळीने आपापल्या घरातली सगळी नकोशी भांडी या निमित्ताने मार्गी लावली. बघता बघता पडवीत असा संसार उभा राहिला की बघणाऱ्याला वाटावं, या बाईने इथे वीस वर्षं एकटीने कष्टात काढलीत. आक्का त्या संसाराकडे बघत म्हणाली, "आगं बाई, मी किती गरीब!" पुन्हा सगळे हसले.

रत्ना हसली नाही. तिने नवऱ्याला आत बोलावलं आणि म्हणाली, "अहो, जिच्या छातीला धूर नगं म्हनून गॅस आनला, तिलाच धुरात बसवताय व्हय?"

"चार दिवस गं. तलाठी येऊन जाईस्तोवर."

तलाठी सोमवारी येणार होते. सोमवारी आळी सकाळपासून तयारीत. ते आले नाहीत, घोडेगावला मीटिंग होती. मग पोलिओचे डोस आले, मग मतदारयाद्या आल्या, मग त्यांच्या मेव्हण्याचं लग्न आलं. सावळेरामने बजावून ठेवलं होतं की ते न सांगता येतील, चूल गार दिसली तर खेळ खलास. म्हणून चूल रोज दोन्ही वेळा पेटायची. आक्का रोज तिच्यापुढे बसायची. आधी देखाव्यापुरतं पाणी उकळायची, पण मग म्हणाली, "जळण काय फुकाट जातंय? आतला जुना तवा दे, भाकरीच टाकते." भाकरी टाकली की ती गरम आहे तोवर खायची, म्हणून तिथेच जेवायची. आतल्या घरात रत्ना निळ्या जाळावर दोघांचा स्वयंपाक करायची आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. तुळशीदासचा घास तोंडात फिरत राहायचा. तीन माणसांच्या पंगतीतून एक उठलं तर किती जागा रिकामी होते, हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं.

शेवटी तलाठी आले ते नेमके जेवणाच्या वेळेला, आणि रत्ना त्याच वेळी कालवणाची वाटी पदराखाली झाकून पडवीत निघाली होती.

"हे काय?" तलाठी म्हणाले.

रत्ना म्हणाली, "शेजारधर्म, भाऊसाहेब."

तलाठ्यांनी वाटीकडे बघितलं, मग काजळलेल्या भिंतीकडे, मग कोपऱ्यातल्या तळ गेलेल्या तव्याकडे, ज्याच्यावर भाकरी करणं अशक्य होतं. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकणाऱ्या आक्काकडे. एवढंच म्हणाले, "चूल वेगळी दिसते. उद्या चावडीत दोघं या. पंचांसमोर जबाब घ्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी चावडीत दोन पंच बसले. एक गोरख, कारण ठरावाची भरपाई म्हणून त्याने हट्टच धरला होता. दुसरे भिका पाटील, वय ऐंशी, दोन्ही कानांनी अधू, पण सही झोकात करायचे, म्हणून गावातल्या प्रत्येक पंचनाम्यात असायचे. बाहेर पारावर नेहमीची दहाबारा माणसं. आक्का उंबऱ्याशी बसली, कारण तिला पायरी चढवेना.

"सांगा," तलाठी पेन उघडून म्हणाले. "बहीण द्रौपदा हिला तुम्ही सांभाळता का?"

सोपा प्रश्न होता. उत्तरही ठरलेलं होतं, सावळेरामने घोकून घेतलं होतं. पण तुळशीदासने वेगळंच सांगितलं.

"जमंल तसं," तो म्हणाला.

"जमेल तसं सांभाळणं म्हणजे सांभाळणंच झालं."

"मग असं लिवा, की... कमी सांभाळतो."

"कमी म्हणजे किती?"

तुळशीदासने विचार केला. "सणासुदीला."

"भाऊ," तलाठी पेन खाली ठेवत म्हणाले, "वर कागद जातो. वरच्या माणसाला तुमचं तोंड दिसत नाही. सांभाळता की नाही, एवढंच लिहायचंय."

तुळशीदासने उंबऱ्याकडे पाठ केली आणि घशातल्या घशात म्हणाला, "न्हाई."

"काय म्हनला?" भिका पाटलांनी कानाला हात लावला. पंच म्हटल्यावर ऐकल्याशिवाय सही कशी करणार? माणूस तत्त्वाचा.

"न्हाई म्हनला," गोरख त्यांच्या कानाशी म्हणाला.

"तू नगं सांगू. त्यालाच सांगू दे. काय न्हाई?"

"सांभाळत न्हाई," तुळशीदास म्हणाला.

"कुनाला?"

पारावरची माणसं आत बघायला लागली. तुळशीदासने टोपी काढली, हातात चुरगळली, आणि मग एकदम, कारखान्याचा भोंगा वाजावा तसा ओरडला, "मी माझ्या बहिनीला सांभाळत न्हाई! तिचं ती बघती! मी काय बी देत न्हाई तिला!"

चावडीच्या कौलांवर बसलेली कबुतरं उडाली. पारावर कुणीतरी तंबाखू मळता मळता थांबलं. अख्ख्या गावाला ही कागदासाठीची सोंगं माहीत होती, निम्म्या गावाने तर त्या चुलीला राख पुरवली होती, तरी कुणी कुणाकडे बघेना. भिका पाटील समाधानाने म्हणाले, "आता कसं, नीट ऐकू आलं," आणि झोकात सही केली.

आक्काने अंगठा दिला. परत जाताना तिनेच तुळशीदासचा हात धरला.

पुढचं सगळं कसं सरळ झालं बघा! पिवळं कार्ड आलं, दाखला आला, योजनेच्या बाईंनी भुवई वर केली नाही, तारीख मिळाली. पण सरळ होणाऱ्या गोष्टीलाही आडवा फाटा फुटतोच. दवाखान्यात दाखल करताना संमतीच्या कागदावर सही हवी होती.

"पेशंटशी नातं?" नर्सबाईंनी विचारलं.

तुळशीदासने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की फायलीत वरच त्याचा स्वतःचा जबाब लावलेला आहे: भाऊ हयात, सांभाळत नाही.

"शेजारी," तो म्हणाला.

नर्सबाई भारावल्या. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आणि नंतर कितीतरी दिवस तो वॉर्डाच्या बाहेर बाकावर झोपत होता, आक्काला पाणी पाजत होता, तिची वेणी घालायला बाजूच्या खाटेवरच्या बाईला विनवत होता. वॉर्डभर या शेजाऱ्याचं नाव झालं. लोणीच्या एका बाईने आपल्या भावाला मुद्दाम हाक मारून दाखवलं, "बघ मेल्या, परका मानूस येवढं करतोय!" आणि रोज सकाळी नर्सबाई आक्काला गोळ्या देताना त्याला म्हणायच्या, "काका, तुमच्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. तो भाऊ बघा, एकदा तरी डोकावला का? कसला भाऊ म्हणायचा?"

"आसत्यात काय काय भाऊ," तुळशीदास म्हणायचा.

"गावात गेल्यावर चांगल्या चार शिव्या घाला त्याला."

"घालीन, बाई."

"नक्की घाला हं!"

आक्का छताकडे बघत पडून असायची. मोठे डॉक्टर तपासणीला आले की तेही विचारायचे, "आजी, घरी कोण कोण?" आणि आक्का म्हणायची, "कुनी न्हाई."

ऑपरेशन झकास झालं. आक्का मार्चअखेरीस गावी आली ती जीपमधून स्वतः उतरून घरापर्यंत चालत आली, कुठेही न टेकता. आळीने ओवाळलं. धोंडाबाईने मीठमोहरी उतरवून टाकली. गोरखचे ओठ हलायला लागले होते, पण रत्नाने बघितल्यावर त्याने ठराव गिळला. रत्नाने आतल्या घरात, गॅसच्या ओट्याशेजारी, मऊ गोधडी टाकून ठेवली होती.

आक्का दारातून आत गेली नाही. पडवीकडे वळली.

"आक्का, इकडं," रत्ना म्हणाली. "सगळं सोंग संपलं आता."

"गोळ्या चालू हायेत ना अजून. फुकाट मिळत्यात त्या कार्डावर. कोन तपासाय आलं म्हंजी?"

"कोण येतंय?"

"यील बी." आणि तिने पदर खोचून चुलीतली राख ओढली.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा झाला तरी तेच. आता तिला दम लागत नव्हता, त्यामुळे ती लाकडंही स्वतः फोडायची. तुळशीदासने एका संध्याकाळी मन घट्ट केलं आणि पडवीत गेला. आक्का भाकरी थापत होती. तिने पाट पुढे सरकवला. तो बसला.

"तू रागवलीस," तो म्हणाला. "चावडीवर मी वरडलो त्याचा."

"खुळा हायेस का तू? ते खोटं व्हतं. मला ठावं न्हाई व्हय? माझ्याचसाठी वरडलास." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "तू बोललास त्याचं काय न्हाई रं, तुळशा. मी बोलले त्याचं हाये."

"तू काय बोललीस?"

"तितं सारखं इचारायचे. घरी कोन हाये? पयल्यांदा ‘कुनी न्हाई’ म्हनले तर असं रडू आलं, उशी भिजली. तू बाहेर बाकावर व्हतास. दुसऱ्यांदा म्हनले, तवा थोडं आलं." भाकरी फुगली. ती तिने निखाऱ्यावर उभी केली. "मग रोज म्हनाय लागले. मग येक दिस म्हनले, आन् काय झालंच न्हाई. आतून काय बी आलं न्हाई. तवा मला लई भ्या वाटलं."

धूर तुळशीदासच्या अंगाला आला होता, पण त्याने बूड हलवलं नाही.

"जरा ऱ्हाऊ दे मला हितं," आक्का म्हणाली. "हितं बसलं की निदान भिंतीपल्याड मानसं हायेत असं वाटतं. तिकडं तुमच्यात येऊन बसले, आन् तवा बी काय वाटलं न्हाई, तर मी कुटं जाऊ?"

तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. वर मिरचीचा ठेचा. तो खाऊ लागला. भाकरी नेहमीसारखीच झाली होती, कडेला किंचित करपलेली.

आतून रत्नाची हाक आली, "अहो, पान वाढलंय. येताय ना?"

"आलो," तुळशीदास म्हणाला, आणि बसूनच राहिला.